पुन्हा बांधता येणारा पाठ

यवतमाळ जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तेथील वार्षिकांकांतून निवडक कथा-कवितांचे एक पुस्तक काढावे असा ठराव काही वर्षांपूर्वी विभागाच्या बैठकीत संमत झाला. ठराव मांडणाऱ्याच्याच गळ्यात काम पडते या न्यायाने ते माझ्याकडे आले. काम सोपे वाटले होते. १९९७ पासूनचे अंक संगणकावर जुळवलेले होते आणि त्यांच्या सीडी विभागाच्या लोखंडी कपाटात, एका बुटाच्या खोक्यात, जपून ठेवलेल्या होत्या. त्या उघडायच्या, हवे ते उचलायचे आणि छापायला द्यायचे, इतकेच.

ज्या सीडी उघडल्या, त्यांतून पडद्यावर जे आले त्यात मराठीचा मागमूस नव्हता. रोमन अक्षरे, डोक्यावर टोपी घातलेले परदेशी स्वर, अवतरणचिन्हे आणि टक्क्याच्या खुणा यांची ती खिचडी होती. याचे कारण आता बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. त्या काळच्या फाँटांत देवनागरीचे तुकडे (काना, वेलांटी, अर्धा क, रफार) रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फाँट हाताशी नसला की जागांचे क्रमांक उरतात आणि अक्षर जाते. कोणता तुकडा कोणत्या जागी, याचा तक्ता प्रत्येक फाँटनिर्मात्याचा निराळा. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. पण छपाईच्या व्यवसायाने आपापले तक्ते पुढे कित्येक वर्षे सोडले नाहीत.

दुसरी अडचण फाइलींच्या नावांची. एकाच अंकाच्या तीन फाइली निघाल्या. एक 'अंतिम', दुसरी 'अंतिम नवे' आणि तिसरी 'अंतिम खरे'. तिन्हींत फरक होता आणि छापील अंक तिन्हींशी पूर्णपणे जुळत नव्हता.

मग आम्ही तेच केले जे सगळे करतात. विद्यार्थ्यांना बसवून छापील अंकावरून मजकूर पुन्हा टंकित करवला. साठेक पाने झाल्यावर मी मुद्रिते वाचायला घेतली आणि एका कथेपाशी थांबलो. कथा मला आठवत होती. दिग्रसकडच्या एका विद्यार्थिनीने लिहिलेली, आईच्या तोंडचे संवाद अस्सल वऱ्हाडीत. मुद्रितात आई 'मले', 'तुले' म्हणत नव्हती. ती 'मला', 'तुला' म्हणत होती. 'करून रायलो'चे 'करतो आहे' झाले होते. टंकन करणाऱ्या मुलीला विचारले तर ती म्हणाली, "सर, चुका होत्या, मी दुरुस्त केल्या." तिला दोष कसा द्यावा? शाळेपासून आपणच तिला ते शिकवले आहे. माझी अस्वस्थता वेगळीच होती. ही एक दुरुस्ती मला दिसली कारण कथा मला आठवत होती. उरलेल्या अठ्ठावन्न पानांत अशा किती झाल्या असतील हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

याच सुमारास विभागाचा एक माजी विद्यार्थी दिवाळीला गावी आला होता. बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेला, पुढे संगणकाकडे वळलेला आणि पुण्यात नोकरीला लागलेला. माझे गाऱ्हाणे त्याने शांतपणे ऐकले आणि दोनच प्रश्न विचारले. "सर, यातलं मूळ कोणतं? आणि मुळापासून छापील अंकापर्यंत जायच्या पायऱ्या कुठे लिहून ठेवल्या आहेत?" तीस वर्षे पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

तो ज्या कामातून आला होता ते काम इथे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण प्रस्तुत लेखाचा सारा मुद्दा त्यातच आहे. त्याच्या कंपनीची जुनी प्रणाली 'व्हिज्युअल बेसिक ६' या साधनात लिहिलेली होती. हे साधन १९९८ मध्ये आले आणि त्याला मायक्रोसॉफ्टने दिलेला आधार एप्रिल २००८ मध्ये संपला. त्यात बांधलेले कार्यक्रम विंडोजच्या नव्या आवृत्त्यांवर पुढेही चालत राहिले. त्यामुळे अनेक ठिकाणी कोणी घाई केली नाही. पण लिहिणारी माणसे निवृत्त होऊ लागली, आणि सगळे नव्या साधनात न्यायचे ठरले. चाळीसएक लहानमोठे प्रकल्प, एकमेकांवर अवलंबून असलेले. त्यांचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, 'व्हिज्युअल सोर्ससेफ' नावाच्या भांडारात होता.

अशा भांडाराला सोर्स कंट्रोल म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याची कल्पना अशी करावी की लेखकाने केलेले प्रत्येक पुनर्लेखन, तारीख आणि करणाऱ्याचे नाव यांसह, एका वहीत कायमचे नोंदले जाते. कोणताही खर्डा कधीच पुसला जात नाही आणि अमुक दिवशी मजकूर कसा होता हे मागितले तर जसाच्या तसा काढून मिळतो. कल्पना नवी नाही. बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकिंड यांनी पहिली अशी व्यवस्था १९७२ मध्ये रचली. आज सर्वत्र वापरली जाणारी 'गिट' लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिली. भांडारातल्या मजकुरापासून प्रत्यक्ष चालणारा कार्यक्रम तयार करणे म्हणजे बिल्ड, बांधणी. तिच्या पायऱ्या यंत्राला लिहून देण्याची सोय 'मेक' या नावाने १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी केली. तिची जन्मकथा आपल्या मुद्रितशोधकांना जवळची वाटेल. त्यांचा एक सहकारी अख्खी सकाळ एक चूक शोधत बसला होता. चूक दुरुस्त झालेलीच होती, पण दुरुस्त मजकुराची पुन्हा बांधणी करायचे राहून गेले होते, आणि तो जुनेच फळ हातात घेऊन नव्या बीजातला दोष हुडकत होता.

माझ्या विद्यार्थ्याच्या कंपनीत हे सारे हाताने होत असे. एक अनुभवी गृहस्थ भांडारातून एकेक प्रकल्प काढीत, कोणता आधी आणि कोणता नंतर हे त्यांच्या डोक्यात, बांधणी करीत आणि निघालेला कार्यक्रम योग्य जागी ठेवीत. क्रम चुकून चालत नसे. व्हिज्युअल बेसिकमध्ये एक घटक नव्याने बांधला आणि जुन्याशी सुसंगती राखण्याची तजवीज केली नाही, तर त्याची ओळखसंख्याच बदलते आणि त्याच्यावर विसंबलेले बाकीचे त्याला ओळखेनासे होतात. या गृहस्थांची निवृत्ती जवळ आली होती.

नव्या साधनात जाण्यासाठी मायक्रोसॉफ्टने एक रूपांतरक दिला होता. २००२ ते २००८ पर्यंतच्या व्हिज्युअल स्टुडिओत तो होता, २०१० च्या आवृत्तीतून काढून टाकला गेला. कोणालाही वाटेल की पहिले पाऊल म्हणजे हा रूपांतरक चालवणे. माझ्या विद्यार्थ्याने तसे केले नाही. त्याने आधी एक स्क्रिप्ट लिहिली. ती भांडारातून ठरलेल्या खुणेचा मजकूर एका रिकाम्या जागी उतरवून घेई, प्रकल्प अवलंबित्वाच्या क्रमाने लावी, जुन्याच साधनाने एकेकाची बांधणी करी आणि जे फसले त्याची कारणासह यादी ठेवी. नव्या साधनाला अजून हातही लावलेला नव्हता. आजवर जे चालत आले तेच, जुन्याच साहित्यापासून, कोणा माणसाच्या आठवणीचा आधार न घेता पुन्हा उभे करता येते का, एवढेच तो पाहत होता.

येत नव्हते. पहिल्या रात्री चाळीसपैकी निम्मेसुद्धा उभे राहिले नाहीत. काहींना लागणारी एक फाइल त्या अनुभवी गृहस्थांच्याच संगणकावर होती, भांडारात कधी गेलीच नव्हती. एका घटकाचे मूळ कुठेच सापडेना. रोज वापरात असलेला तो घटक केवळ बांधलेल्या रूपात उरला होता. हे सगळे दुरुस्त करून, जुन्यातून जुने जसेच्या तसे निघू लागल्यावर, मग रूपांतर. तेही असे की प्रत्येक वेळी भांडारातून ताजा मजकूर घ्यायचा, रूपांतरक चालवायचा, आणि त्याच्या चुका हाताने सुधारायच्या झाल्यास ती सुधारणा स्वतंत्र फाइलीत, कारणासह, नोंदवून यंत्राकडूनच लावून घ्यायची. रूपांतरित मजकुरावर थेट लेखणी चालवायची नाही. का? कारण कंपनीचे काम थांबलेले नसते. जुन्या मजकुरात रोज बदल होतच असतात, आणि रूपांतर एकदा नव्हे, दोनशे वेळा करावे लागते.

मला या सगळ्यात यंत्राच्या वेगाचे फारसे कौतुक वाटले नाही. वाटले ते याचे, की यंत्राला काम सांगायचे म्हणून माणसांना आपल्या मनातले सगळे गृहीत उघडे करावे लागले. स्वयंचलन हा शब्द आपल्याकडे श्रम वाचवण्याशी जोडला गेला आहे. जुन्या प्रणालीच्या नूतनीकरणात त्याचा खरा उपयोग निराळा आहे असे माझे मत झाले आहे. तो साक्ष घेतो. 'हे असेच चालत आले आहे' हे उत्तर यंत्राला पुरत नाही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हे सारे ओळखीचे वाटायला हवे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. वि. स. सुकथनकरांनी संपादित केलेले तिचे आदिपर्व १९३३ चे. त्या आवृत्तीचे मोठेपण तिने सिद्ध केलेल्या संहितेत आहे असे आपण शिकवतो. माझ्या मते ते पानाच्या खालच्या अर्ध्या भागात अधिक आहे. कोणत्या हस्तलिखितात काय आहे, कोणते श्लोक कोणत्या शाखेत येतात आणि संपादकाने ते का वगळले, हे सगळे तिथे आहे. सुकथनकरांशी असहमत असलेल्या वाचकाला त्यांच्याच साहित्यापासून दुसरे महाभारत बांधता येते. अर्थात हे साम्य फार ताणू नये. संगणकवाल्यांचे मूळ बहुधा असते. आपले बहुधा हरवलेले असते आणि हाती उरतात त्या साक्षी. पण मूळ हरवल्यावर काय करावे याचे उदाहरण शोधायला मला पुण्याला जाण्याचीही गरज नव्हती.

म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा कशा जमवल्या ही कथा प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपुरास, नागदेवाचार्यांच्या साक्षीने हे काम झाले. ज्यांच्यापाशी लीळा होत्या त्यांना गाठून त्या मिळवल्या, पडताळल्या. पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली असे परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा उभे राहिले, आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी उभे राहिले. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा, रामेश्वरबासांचा, पिढीपाठ.

इथे महानुभावांनी जे केले ते मला आजही थक्क करते. पाठ जुळत नाहीत म्हटल्यावर एक ठेवून बाकीचे बुडवणे सोपे होते. धर्मग्रंथाच्या बाबतीत तर तसे करण्याचा मोह अधिकच. त्यांनी वेगळा पाठ टाकून दिला नाही. पोथ्यांत 'वासना', 'शोधु' अशा खुणा करून तो मुख्य पाठाच्या शेजारीच, ज्याचा त्याच्या नावासह, नोंदवलेला आढळतो. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रकाशित केलेली आवृत्ती उभी राहू शकली ती या नोंदींच्या बळावर. कोणी, कोठून, काय घेतले याची वही महानुभावांनी त्या काळात ठेवली होती.

यवतमाळकर म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. महानुभाव वाङ्मयाचा पहिला पद्धतशीर परिचय मराठी वाचकांना करून देणाऱ्यांत य. खु. देशपांडे यांचे नाव घ्यावे लागते, आणि ते यवतमाळचे. त्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चे. येथील शारदाश्रम या संशोधनसंस्थेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ते ज्या पोथ्यांवर काम करीत होते त्यांतल्या कित्येक सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत होत्या. त्या लिप्यांची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे पंथाबाहेरच्या अभ्यासकांच्या हाती आली होती. आमच्या बुटाच्या खोक्यातल्या सीडी आणि त्या पोथ्या यांत मला एकच फरक दिसतो. पंथाने आपली लिपी जाणून गुप्त केली आणि किल्ली पिढ्यानुपिढ्या सांभाळली. आपण आपली लिपी नकळत गुप्त केली आणि किल्ली फाँटाच्या डिस्कसोबत फेकून दिली.

माझ्या विद्यार्थ्याने आम्हाला जे करून दिले ते म्हणजे अशीच एक किल्ली. सीडींवरचे सगळे एका जागी उतरवून त्याला हात लावायचा नाही असे ठरवले. फाँटातल्या कोणत्या क्रमांकाला कोणता तुकडा याचा तक्ता वेगळ्या फाइलीत. तुकडे जोडण्याचे नियम दुसऱ्या फाइलीत, कारण जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकित झालेली असते, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने नंतर यावी लागते. रफाराचे नेमके उलटे. आमच्या दुरुस्त्या तिसऱ्या फाइलीत, प्रत्येकीपुढे कारण आणि करणाऱ्याची आद्याक्षरे. मग एक आज्ञा दिली की सगळे पहिल्यापासून पुन्हा. पहिल्या दोन महिन्यांत आम्ही ही बांधणी शंभराच्या वर वेळा केली असेल. चूक दिसली की पान सुधारायचे नाही, नियम सुधारायचा. ही शिस्त अंगी बाणायला मला, खरे सांगायचे तर, विद्यार्थ्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

एक उदाहरण देतो. सुरुवातीच्या प्रत्येक बांधणीत 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होत होते. मराठीतला हा अर्धा र, रफाराहून वेगळा, युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. त्यांपैकी एका रीतीत एक न दिसणारे चिन्ह मधे लागते, आणि ते कुठेतरी गळले की अर्ध्या राचा रफार होतो. 'दुसर्या' वाचणारा मनात सुधारून घेतो. पण 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांत स्वयंपाकघर आणि विद्यापीठ एवढे अंतर आहे. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत तर डोंगर आणि समुद्र. हाताने सुधारत बसलो असतो तर दोनशे ठिकाणी सुधारले असते आणि विसाव्या ठिकाणी झोप लागली असती. नियम एकदा सुधारला आणि दोनशे ठिकाणे एकदम सुधारली. शिवाय तीन ठिकाणी नको तिथे सुधारली, तेही यादीत लगेच दिसले.

आणि 'मले'? ते परत आले. फाइलीतून जे निघाले त्यात आईचे संवाद शाबूत होते. पुढे आणखी एका कथेतले गोरमाटी शब्दही असेच मिळाले, जे पुनर्टंकनात कोणीतरी 'निरर्थक' म्हणून गाळले होते. पुसद-दिग्रसच्या बंजारा तांड्यांवरून आलेल्या मुलांनी आमच्या अंकांत काय काय लिहून ठेवले आहे, हे विभागाला इतक्या वर्षांनी कळले.

या सगळ्यावर सहकाऱ्यांनी आक्षेप घेतले, आणि ते क्षुल्लक नव्हते. एक असा की वार्षिकांकातल्या पोरासोरांच्या कवितांसाठी एवढा खटाटोप कशाला. हे काय महाभारत आहे? यावर माझे उत्तर असे की महाभारताच्या प्रती शेकडो ठिकाणी होत्या. आमच्या २००१ च्या अंकाच्या दोन सापडल्या, त्यातली एक वाळवीने खाल्लेली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाठनिर्णय हा विवेकाचा विषय, तो यंत्राच्या हाती कसा सोपवायचा? खरे आहे, आणि म्हणूनच तो सोपवलेला नाही. तिसऱ्या फाइलीतली प्रत्येक ओळ हा माणसाने केलेला निर्णय आहे. उलट, ज्या मुलीने 'मले'चे 'मला' केले तिनेही निर्णयच केला होता. फक्त तो कुठे नोंदला गेला नव्हता. १९६२ च्या लेखननियमांनंतर जुन्या पुस्तकांच्या किती पुनर्मुद्रणांत अनुस्वार मुकाट्याने उडाले, आणि त्यासोबत आणखी काय काय उडाले, याचा हिशेब आज कोण देईल? तो बदल करणारे हात यंत्राचे नव्हते.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतला होता, की हे तांत्रिक काम आहे, ते संगणक विभागाने करावे. आता तो मागे घेतो. स्क्रिप्ट लिहिणे त्यांचे काम असेल. कोणती फाइल मूळ मानायची, 'अंतिम नवे' आणि 'अंतिम खरे' यांतला फरक लेखकाचा की जुळणी करणाऱ्याचा, वेलांटी बदलली ती चूक की बोलीचे रूप, हे ठरवायला ज्याला बसावे लागते त्याच्या विद्येचे नाव पाठचिकित्सा आहे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात ती हस्तलिखितांपाशी सुरू होते आणि मुद्रणकलेपाशी संपते. १९९० ते २०१० या वीस वर्षांत मराठीत जे संगणकावर जुळवले गेले, नियतकालिके, स्मरणिका, प्रबंध, ते सगळे तिच्या कक्षेबाहेर राहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले. ती प्रत म्हणजे पीडीएफ, म्हणजे बांधलेले रूप. जुन्या फाँटातून केलेल्या पीडीएफमध्ये एखादा शब्द शोधून पाहावा. तो डोळ्यांना दिसत असतो आणि यंत्राला सापडत नाही. प्रबंधाची मूळ फाइल आणि फाँटाचा तक्ता विभागाने मागून घ्यावा, निदान आपल्या विभागापुरता, एवढी साधी सूचना मी आमच्या अभ्यासमंडळातील एका सदस्यांपुढे मांडली. त्यांनी ती आवडल्याचे सांगितले. मोफत आहे म्हणून असेल.

संगणकवाल्यांना या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे समजण्याचे कारण नाही. तेही मुळे हरवतात. वर सांगितलेला तो बिनमुळाचा घटक विसरू नये. डेबियनसारख्या मुक्त प्रकल्पाने २०१३ पासून, एकाच मुळापासून दोन वेगळ्या यंत्रांवर केलेली बांधणी शेवटच्या बिटापर्यंत सारखी यावी असा प्रयत्न चालवला आहे, आणि त्याला इतकी वर्षे लागावीत यातच ते किती अवघड आहे हे दिसते. त्यांच्यापाशी एक गोष्ट मात्र आहे जी आपण गमावली आहे: न जुळणाऱ्या बांधणीची त्यांना लाज वाटते.

पुस्तकाचे काम अजून चालू आहे. दुरुस्त्यांच्या फाइलीत सात नोंदी उघड्या आहेत. त्यांपैकी एक २००१ च्या अंकातल्या कवितेची. आमच्या तिन्ही फाइलींत 'दऱ्या' आहे. छापील अंकात 'दर्या' आहे, आणि नीट पाहिले तर त्या शब्दाभोवती एक पुसट चौकट दिसते. त्या काळी ट्रेसिंगवर शेवटच्या क्षणी ब्लेडने शब्द कापून दुसरा चिकटवीत. ती दुरुस्ती फाइलीत कधीच जात नसे. कोणी चिकटवला तो शब्द? संपादकमंडळातल्या प्राध्यापकांनी, कवीने, की जुळणी करणाऱ्याने? पैनगंगेच्या काठच्या, उमरखेडकडच्या मुलाने समुद्र लिहिला नसेल असे म्हणायचा आम्हाला काय अधिकार? शेवटी कवीचा ठावठिकाणा लागला. तो आता नांदेडला असतो. कविता त्याने फोनवर दोनदा वाचून घेतली, बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, आता खरंच सांगता येत नाही. दोन्ही बरे वाटतात." पानावर 'दऱ्या' ठेवले आहे, आणि खाली बारीक अक्षरांत, 'दर्या', छापील अंकाची वासना म्हणून.